भिडावे की बाजूला व्हावे?

सकाळी आठच्या सुमारास डोंबिवली स्थानकात जलद गाडी शिरते आणि काही सेकंदांत शेकडो माणसे दाराशी एकवटतात. कोणाचे कोपर लागते, कोणाचा पाय चेपला जातो, कोणाची पाठीवरची बॅग दुसऱ्याच्या छातीला घासते. बहुतेक वेळा एखादा तिरका शब्द किंवा वटारलेली नजर, एवढ्यावर प्रकरण निभावते आणि ठाणे येईपर्यंत सारे विसरले जाते. पण एखाद्या दिवशी शब्दाने शब्द वाढतो, कोणीतरी कॉलरला हात घालतो आणि एरवी नाकासमोर चालणाऱ्या माणसापुढे दोन क्षणांत सोडवायचा प्रश्न उभा राहतो. भिडावे की बाजूला व्हावे?

या प्रश्नाचे उत्तर आपल्याकडे सहसा अभिमानाच्या तराजूत तोलले जाते. बाजूला होणारा ‘शेपूट घालणारा’ ठरतो, भिडणाऱ्याचे मित्रमंडळींत कौतुक होते. २००५ मध्ये निशिकांत कामत यांच्या ‘डोंबिवली फास्ट’ या चित्रपटातील माधव आपटेने बॅट हाती घेतली तेव्हा चित्रपटगृहांत टाळ्या वाजल्या होत्या. रोजच्या धकाधकीत मुकाट्याने सोसणाऱ्या मध्यमवर्गीयाचा तो कढ होता. मात्र, त्या वाटेचा शेवट सुखाचा नाही हेही त्याच चित्रपटाने दाखवले होते. टाळ्या वाजवणाऱ्यांपैकी किती जणांच्या ते लक्षात राहिले, हा प्रश्नच आहे.

सीट, दार आणि शब्द

मध्य रेल्वेच्या प्रवाशाला वादाची कारणे वेगळी सांगावी लागत नाहीत. तिघांच्या बाकावर चौथ्याने टेकायचे, ही उपनगरी गाडीतील अलिखित रीत. ती कोणी नाकारली की वाद. डोंबिवलीहून उलटे कल्याणला जाऊन जागा धरणारे आणि कल्याणला फलाटावर ताटकळणारे यांच्यात वाद. दिवा, मुंब्रा, कळव्याच्या प्रवाशांना दारातील घोळक्याने चढू-उतरू दिले नाही की वाद. महिलांचा डबाही याला अपवाद नाही. ऑक्टोबर २०२२ मध्ये ठाणे-पनवेल गाडीत महिला प्रवाशांमध्ये जागेवरून सुरू झालेली भांडणे इतकी वाढली, की ती सोडवायला गेलेली महिला पोलीसही जखमी झाली.

१९ फेब्रुवारी २०२५ रोजी कल्याण-दादर जलद गाडीत असाच एक वाद रक्तपातापर्यंत गेला. मुंब्र्याला उतरू पाहणारा १९ वर्षांचा एक तरुण, मुंब्र्याला न थांबणारी जलद गाडी आणि दाराशी दाटलेली गर्दी. बाचाबाची झाली, तरुणाने चाकू काढला आणि तीन प्रवासी जखमी झाले. समोरच्या अनोळखी माणसाच्या खिशात काय आहे, तो कोणत्या मनःस्थितीत आहे, हे आपल्याला ठाऊक नसते. ते कळते तेव्हा बहुधा उशीर झालेला असतो.

खरा धोका दुसऱ्या फेरीचा

या भागातील आणि आसपासच्या गंभीर घटना एकत्र ठेवून पाहिल्या, तर एक गोष्ट ठळकपणे समोर येते. जीव जातो तो पुष्कळदा पहिल्या झटापटीत नव्हे, तर नंतरच्या फेरीत.

नोव्हेंबर २०२४ मधील घाटकोपरची घटना पाहावी. टिटवाळ्याहून मुंबईकडे जाणाऱ्या गाडीत बसण्याच्या जागेवरून एक प्रवासी आणि १६ वर्षांचा एक मुलगा यांच्यात वाद झाला. मुलाला मार बसला. गाडीतल्या इतरांच्या दृष्टीने प्रकरण तिथेच संपले होते. दुसऱ्या दिवशी तो मुलगा घाटकोपर स्थानकात चाकू घेऊन आला आणि त्याने त्या प्रवाशाला भोसकले. प्रवाशाचा मृत्यू झाला. आदल्या दिवशी जो जिंकला होता, त्याने दुसऱ्या दिवशी जीव गमावला. जो हरला होता, तो वयाच्या सोळाव्या वर्षी खुनाच्या गुन्ह्यात अडकला.

अंधेरीच्या अंबोली भागात २० ऑक्टोबर २०११ च्या रात्रीही हेच घडले होते. मैत्रिणींची छेड काढणाऱ्याला तरुणांनी हटकले, तेव्हा तो निघून गेला आणि थोड्याच वेळात साथीदार व शस्त्रे घेऊन परतला. दोन तरुणांचा बळी गेला. मे २०१६ मध्ये न्यायालयाने चौघांना जन्मठेप सुनावली. त्या तरुणांनी हटकले यात त्यांची काहीच चूक नव्हती. पण पहिल्या खटक्यानंतर मिळालेली काही मिनिटे हीच सर्वांत मोलाची वेळ होती, हे त्या रात्रीनंतर सर्वांना कळले.

डिसेंबर २०२४ मध्ये कल्याण पश्चिमेतील एका गृहसंकुलात दाराशी धूप जाळण्यावरून शेजाऱ्यांत जुंपली. बाहेरून माणसे बोलावून मारहाण केल्याची तक्रार झाली, प्रकरणाला मराठी-अमराठी वादाचे वळण लागले आणि नागपूरच्या विधिमंडळ अधिवेशनातही त्याचे पडसाद उमटले. तिथेही तक्रारीचा रोख होता तो बोलाबोलीनंतर जमवलेल्या माणसांवर.

‘तो निघून गेला, म्हणजे मिटले’ हा समज म्हणूनच धोक्याचा आहे. भर गर्दीत अपमान झालेला माणूस परत येऊ शकतो. ‘उतर खाली, बघतो तुला’ हे वाक्य प्रवाशांच्या सवयीचे असले, तरी ते दुसऱ्या फेरीचे आमंत्रण असते. ते स्वीकारायचे की नाही, हे ऐकणाऱ्याच्या हाती असते.

कायदा पळायला सांगत नाही

‘कायदा आपल्याला मार खायला सांगतो’ अशी तक्रार नेहमी ऐकू येते. ती खरी नाही. १ जुलै २०२४ पासून भारतीय दंड संहितेची जागा भारतीय न्याय संहितेने घेतली. जुन्या संहितेच्या ९६ ते १०६ या कलमांत असलेला स्वसंरक्षणाचा हक्क नव्या संहितेच्या ३४ ते ४४ या कलमांत जवळजवळ जसाच्या तसा आला आहे. हा हक्क केवळ स्वतःच्या शरीरापुरता नाही. दुसऱ्या कोणाही व्यक्तीच्या शरीराच्या रक्षणासाठीही तो वापरता येतो. फलाटावर अनोळखी मुलीवर कोणी हात टाकत असेल, तर तिच्या बचावासाठी बळ वापरणारा गुन्हेगार ठरत नाही.

सर्वोच्च न्यायालयाने हे अनेकदा स्पष्ट केले आहे. जयदेव विरुद्ध पंजाब राज्य या खटल्यात साताऱ्यात जन्मलेले आणि पुढे सरन्यायाधीश झालेले न्या. प्र. बा. गजेंद्रगडकर यांनी १९६२ मध्ये दिलेला निकाल आजही आधारभूत मानला जातो. हल्ला होत असताना माणसाने आधी पळून जावे अशी कायद्याची अपेक्षा नाही. आवश्यक तेवढे बळ वापरून हल्लेखोराला परतवण्याचा त्याला हक्क आहे, असा त्याचा आशय. जिवावर बेतलेल्या माणसाने वापरलेले बळ सोन्याच्या काट्यावर तोलू नये, हेही त्यात आले. मात्र त्याच निकालाने दुसरी बाजूही तितक्याच स्पष्टपणे मांडली. धोका संपला, हल्लेखोर पळू लागला, की हक्कही संपला. २०१० मध्ये दर्शनसिंग विरुद्ध पंजाब राज्य या खटल्यात न्यायालयाने या साऱ्याची दहा तत्त्वांत मांडणी केली. बेकायदा हल्ल्यापुढे नागरिकाने भेकडासारखे वागावे असे कायदा म्हणत नाही, पण हा हक्क बचावाचा आहे, सूडाचा नव्हे, हे त्यातील सार.

संहितेचे ३७ वे कलम या हक्काच्या मर्यादा सांगते. पोलिसांची मदत घ्यायला पुरेसा अवधी असेल, तर स्वसंरक्षणाचा हक्क उरत नाही. तसेच बचावासाठी लागेल त्याहून अधिक इजा करता येत नाही. हल्लेखोराचा मृत्यू झाला तरी चालेल इतके बळ वापरण्याची मुभा ३८ व्या कलमातील मोजक्या प्रसंगांपुरती आहे. त्यात मृत्यूची किंवा जबर दुखापतीची रास्त भीती, बलात्कार, अपहरण, आम्लहल्ला अशा प्रसंगांचा समावेश होतो. सीट, धक्का किंवा शिवी यांचा त्यात कोठेही उल्लेख नाही.

शिवी खाल्ली म्हणून हात उचलण्याचा हक्क मिळत नाही. शांतता भंग व्हावी या हेतूने अपमान करणे हा ३५२ व्या कलमाखाली स्वतंत्र गुन्हा आहे. त्याची दाद तक्रारीने मागायची असते. उलट सार्वजनिक ठिकाणी दोघे हातघाईवर आले, तर ‘सुरुवात कोणी केली’ याआधी १९४ वे कलम दोघांनाही लागू होऊ शकते. साध्या दुखापतीला एक वर्षापर्यंत, जबर दुखापतीला सात वर्षांपर्यंत कारावास आहे. अचानक उद्भवलेल्या भांडणात समोरचा दगावला, तर ‘मला मारायचे नव्हते’ या एका वाक्याने सुटका होत नाही; सदोष मनुष्यवधाचा खटला वर्षानुवर्षे चालतो. नोकरी, पारपत्र, मुलीचे लग्न, घराचे हप्ते या सर्वांवर त्याची सावली पडते. स्वसंरक्षणाचा दावा करणाऱ्याला तो संभाव्य असल्याचे न्यायालयात दाखवावे लागते, हेही विसरता कामा नये.

बचाव कोठे संपतो?

बचाव आणि सूड यांतील रेषा कागदावर सरळ दिसते, प्रत्यक्षात ती एका सेकंदाची असते. जुलै २०२५ मध्ये कल्याण पूर्वेतील एका खासगी दवाखान्यात स्वागतकक्षातील तरुणीला झालेल्या अमानुष मारहाणीचे चित्रण सर्वत्र पसरले आणि संताप उसळला. नंतर आधीच्या क्षणांचे चित्रण बाहेर आले. त्यात त्या तरुणीने रुग्णासोबतच्या महिलेला चापट मारल्याचे दिसत होते. त्यामुळे नंतरची मारहाण समर्थनीय ठरली का? मुळीच नाही. चापट मारून झाली होती, धोका उरला नव्हता. त्यानंतर धावून जाऊन मारलेली लाथ हा बचाव नव्हता. पण चापटही बचाव नव्हती. दोन्ही ठिकाणी हात उठला तो रागाने.

परदेशांतही हा प्रश्न सुटलेला नाही. न्यूयॉर्कसारख्या राज्यात घराबाहेर प्राणघातक बळ वापरण्यापूर्वी सुरक्षितपणे माघार घेता येत असेल, तर ती घेणे बंधनकारक आहे. फ्लोरिडाने २००५ मध्ये नेमकी उलट भूमिका घेतली आणि माघारीची अट काढून टाकली. २०१२ मध्ये त्या राज्यातील सॅनफर्ड येथे १७ वर्षांच्या निःशस्त्र कृष्णवर्णीय मुलाला वस्तीवर गस्त घालणाऱ्या एकाने गोळी घातली आणि पुढील वर्षी तो निर्दोष सुटला, तेव्हा या कायद्यावर देशभर वादळ उठले. भारतीय कायदा या दोहोंच्या मध्ये उभा आहे. तो पळायला लावत नाही, पण अडून बसण्याचेही कौतुक करत नाही. प्रत्येक वेळी तो एकच गोष्ट विचारतो : त्या क्षणी बळ वापरणे आवश्यक होते का?

अंगात आल्यावर काय होते?

भांडणाच्या क्षणी शरीरात अॅड्रेनलीन हे संप्रेरक झपाट्याने पसरते. छाती धडधडते, हात थरथरतात, दृष्टी आकुंचन पावते आणि समोरचा चेहरा सोडून फारसे काही दिसेनासे होते. मागून येणारा त्याचा साथीदार, कमरेकडे गेलेला हात, फलाटाची कडा या गोष्टी नजरेतून निसटतात. वेदना उशिरा जाणवते, म्हणून आपल्याला लागले आहे हेही कित्येकांना नंतर कळते.

शिवाय जागा कोणती आहे, याला महत्त्व आहे. मुष्टियुद्धाच्या रिंगणात हातमोजे असतात, पंच असतो, पायांखाली मऊ तळ असतो. फलाटावर फरशी असते, जिन्याला लोखंडी कड असते आणि दोन पावलांवर रूळ असतात. एकाच ठोशाने माणूस कोसळतो आणि डोके फरशीवर आपटून दगावतो. ठोसा मारणाऱ्याच्या मनात तसे काही नसले तरी. दारात लटकणाऱ्या प्रवाशाला दिलेला धक्का तर साधा धक्का राहतच नाही. ९ जून २०२५ रोजी मुंब्र्याजवळच्या वळणावर दोन गाड्यांच्या दारांतील प्रवासी खाली पडले आणि त्या दिवशी चौघांनी प्राण गमावले. तिथे कोणी कोणाशी भांडत नव्हते, तरी हे घडले. अशा दारात झटापट करणे किती महागात पडू शकते, याची कल्पना यावी.

मग अन्याय पाहत राहायचे?

इथे खरी अडचण सुरू होते. डिसेंबर २०१२ मध्ये डोंबिवलीत मैत्रिणीची छेड काढणाऱ्यांना हटकले म्हणून १९ वर्षांच्या तरुणाला भोसकून मारण्यात आले. सुसंस्कृतांचे शहर म्हणून मिरवणारी डोंबिवली त्या दिवसांत हादरून गेली. ‘त्याने मध्ये पडायला नको होते’ असे म्हणणे सोपे आहे, पण ते म्हणताना आपण छेड काढणाऱ्यांच्या हाती रस्ता सोपवून मोकळे होतो. प्रत्येकाने मान खाली घालून निघून जायचे ठरवले, तर रात्री कामावरून परतणाऱ्या मुलींनी कोणाच्या भरवशावर चालावे?

म्हणून दोन प्रसंगांत फरक करायला हवा. एक, जिथे पणाला लागलेला असतो तो केवळ आपला मान : सीट, धक्का, शिवी, गाडी पुढे काढणे, इमारतीतील पार्किंग. दुसरा, जिथे कोणाच्या तरी देहावर किंवा अब्रूवर हात पडत असतो. पहिल्या प्रसंगात बाजूला होण्याने काहीही गमावले जात नाही. दुसऱ्या प्रसंगात निघून जाण्याची किंमत दुसऱ्या कोणाला तरी मोजावी लागते. तिथे उभे राहणे हे कर्तव्य आहे.

मात्र उभे राहणे म्हणजे एकट्याने भिडणे नव्हे. अंबोलीच्या घटनेत लोक पाहत राहिले, ही खंत तेव्हा सर्वत्र व्यक्त झाली. एकटा माणूस हटकतो तेव्हा तो लक्ष्य ठरतो. दहा जण एकदम वळून पाहतात तेव्हा गुंडाचे बळ ओसरते. म्हणून मोठ्याने बोलावे, आजूबाजूच्यांना नेमकेपणाने हाक मारावी : ‘काका, जरा इकडे या’, ‘लाल शर्टवाले दादा, पोलिसांना फोन लावा’. ‘कोणीतरी मदत करा’ या हाकेला गर्दी ओ देत नाही, नेमून दिलेले काम माणूस करतो. जिला त्रास होतो आहे तिच्या शेजारी जाऊन उभे राहावे आणि तिला तिथून बाहेर काढावे. हल्लेखोराला धडा शिकवणे हे त्या क्षणीचे काम नव्हे.

बाजूला कसे व्हावे?

बाजूला होण्याचीही एक रीत आहे. पाठ फिरवून चालू लागण्यापेक्षा तळहात उघडे ठेवून छातीच्या उंचीवर आणावेत, एक पाऊल मागे आणि तिरके सरकावे. हात उघडे असले की समोरच्याला आव्हान वाटत नाही आणि वेळ आलीच तर चेहऱ्याचे रक्षण करता येते. ‘चुकलं, जाऊ दे’ एवढे म्हणायला काही लागत नाही. टोमणा मारून शेवटचा शब्द आपला ठेवण्याचा मोह मात्र टाळावा. कित्येक भांडणे या शेवटच्या शब्दापायीच पेटतात.

‘खाली उतर’ असे कोणी म्हटले, तर त्याच्या स्थानकावर उतरू नये. डबा बदलावा, किंवा ठाणे, डोंबिवली, कल्याण यांसारख्या लोहमार्ग पोलीस ठाणे असलेल्या स्थानकात उतरून थेट तिकडे जावे. गाडीतून ११२, रेल्वेचा १३९ किंवा लोहमार्ग पोलिसांचा १५१२ या क्रमांकांवर संपर्क साधता येतो. हाणामारी झालेली नसली, तरी धमकी दिली गेली असेल तर तिची नोंद करून ठेवावी. अदखलपात्र नोंद, म्हणजेच बोलीतील ‘एनसी’, ही क्षुल्लक वाटते. पण दुसरी फेरी झालीच, तर आधी कोणी धमकावले याचा तो लेखी पुरावा ठरतो. दखलपात्र गुन्ह्याची माहिती हद्दीचे कारण देऊन नाकारता येत नाही. नागरिक सुरक्षा संहितेच्या १७३ व्या कलमाने कोणत्याही ठाण्यात ती देण्याची सोय केली आहे. पुढचे काही दिवस गाडी किंवा डबा बदलावा आणि घरच्यांना व सहप्रवाशांना प्रकार सांगून ठेवावा. यात कमीपणा काही नाही.

आणि बाजूला होण्याची वाटच बंद झाली असेल, पाठीशी भिंत आणि समोर शस्त्र असेल, तर कायदा पूर्णपणे बचाव करणाऱ्याच्या बाजूने आहे. तेव्हा हाती असेल त्याने प्रतिकार करावा, पण वाट मोकळी होताच तिथून निघावे. त्यानंतर मारलेला प्रत्येक फटका बचावाच्या खात्यातून सूडाच्या खात्यात जमा होतो.

माघार आणि पराभव

माघार म्हणजे पराभव, असे मानण्याची मराठी माणसाला तरी गरज नाही. जुलै १६६० मध्ये शिवाजी महाराज पन्हाळ्याच्या वेढ्यातून निसटून विशाळगडाकडे निघाले आणि बाजीप्रभू देशपांडे खिंडीत पाय रोवून उभे राहिले. एकाच प्रसंगात एक जण निघून गेला आणि एक जण उभा राहिला. इतिहासाने दोघांनाही भित्रा किंवा अविचारी म्हटले नाही, कारण दोघांपुढे हेतू स्पष्ट होता. १६६५ च्या पुरंदरच्या तहात तेवीस किल्ले सोडणाऱ्या महाराजांनी १६७० पासून ते परत घ्यायला सुरुवात केली. कशासाठी उभे राहायचे हे ज्याला ठाऊक असते, त्याला कशासाठी उभे राहायचे नाही हेही ठाऊक असते.

खिंड लढवावी तसे काही चौथ्या सीटमध्ये नसते. संध्याकाळी कल्याणकडे जाणाऱ्या गाडीत कोणी धक्का मारला, शिवी दिली, तर मनाला एकच प्रश्न विचारावा : या क्षणी कोणाच्या देहाला धोका आहे का? उत्तर ‘नाही’ असेल, तर एक पाऊल मागे घ्यावे आणि आपल्या स्थानकावर उतरून घर गाठावे. उत्तर ‘होय’ असेल, तर चार जणांना हाक मारून उभे राहावे.